पडदा, भिंत आणि पुन्हा पडदा : चित्रपटीय नेपथ्याचे अध्यापन, संशोधन आणि इमर्सिव्ह तंत्रज्ञान

प्रास्ताविक

मराठी चित्रपटसमीक्षेने कथा, दिग्दर्शन, अभिनय आणि संगीत यांची चर्चा विपुल केली. ज्या जागेत ही कथा घडते ती जागा कोणी व कशी घडवली, याची चर्चा मात्र तिने अपवादानेच केली. भाषाही या उपेक्षेला साक्ष आहे. ‘नेपथ्य’ हा शब्द नाटकाकडून आला, ‘देखावा’ उत्सवाकडून आला, आणि ‘कलादिग्दर्शन’ हा इंग्रजी संज्ञेचा अनुवाद आहे. ‘प्रॉडक्शन डिझाइन’ या संज्ञेला तर रूढ मराठी पर्यायच मिळालेला नाही. ‘गॉन विथ द विंड’ (१९३९) या चित्रपटाच्या संपूर्ण दृश्यरूपाची आखणी करणाऱ्या विल्यम कॅमेरॉन मेंझीस यांच्या श्रेयासाठी ही संज्ञा वापरली गेली आणि पुढे ती रूढ झाली. अमेरिकेच्या ऑस्कर पुरस्कारांतील ‘आर्ट डिरेक्शन’ या विभागाचे नाव बदलून ‘प्रॉडक्शन डिझाइन’ करण्यात आले ते २०१२ मध्ये. कामाला नाव मिळण्यास एवढा काळ लागला असेल, तर त्याच्या अध्यापनाचे शास्त्र मागे राहावे यात नवल नाही.

आज या विषयाला अचानक महत्त्व आले आहे आणि त्याचे कारण तंत्रज्ञानात आहे. आभासी वास्तव, संवर्धित वास्तव, एलईडी भिंतीसमोरील चित्रीकरण अशा, प्रेक्षकाला किंवा कॅमेऱ्याला चोहोबाजूंनी वेढणाऱ्या साधनांना मिळून ‘इमर्सिव्ह तंत्रज्ञान’ म्हटले जाते. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने बहुविद्याशाखीय अभ्यासाचा पुरस्कार केला, आणि २०२५ मध्ये महाराष्ट्र शासनाने अ‍ॅनिमेशन, दृश्यपरिणाम, गेमिंग, कॉमिक्स व विस्तारित वास्तव या क्षेत्रांसाठी स्वतंत्र धोरण मंजूर केले. महाविद्यालयांना नवे अभ्यासक्रम आखावे लागणार हे उघड आहे. प्रश्न असा की, त्या अभ्यासक्रमांच्या केंद्रस्थानी काय असावे : यंत्र की जागा? या प्रश्नाचे उत्तर पुण्याच्याच चित्रपटपरंपरेत बरेचसे सापडते आणि ते उत्तर ‘जागा’ असे आहे, हे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

पडद्याकडून भिंतीकडे

महाराष्ट्रातील चित्रपटीय नेपथ्याचा उगम चित्रकाराच्या कुंचल्यात आहे. दादासाहेब फाळके मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत आणि बडोद्याच्या कलाभवनात शिकले होते. ‘राजा हरिश्चंद्र’ (१९१३) मधील स्थळे रंगवलेल्या पडद्यांच्या परंपरेतली आहेत. कोल्हापूरचे आनंदराव आणि बाबूराव पेंटर हे चुलतबंधू नाटकमंडळ्यांचे पडदे रंगवीत असत. १९१६ मध्ये आनंदरावांचे निधन झाल्यावर चित्रपटनिर्मितीचे दोघांचे स्वप्न बाबूरावांनी पुढे नेले आणि महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी केली.

बाबूरावांचे महत्त्व केवळ पहिलेपणाच्या मानात शोधणे पुरेसे नाही. पडदे रंगवण्यात ज्याचा हात बसला होता, त्याच कलावंताने चित्रपटासाठी पडदा दूर सारला आणि घन, त्रिमित, वावरण्याजोगे नेपथ्य उभारले, ही त्यांच्या कारकिर्दीतील निर्णायक घटना होय. नाटकात प्रेक्षक आपल्या जागी बसलेला असतो. त्यामुळे पडद्यावरील यथादर्शन एका ठरावीक अंतरावरून खरे भासते. कॅमेरा मात्र जागा बदलतो, जवळ जातो आणि कडेने पाहतो. तो हलला की रंगवलेल्या खांबाची सावली खोटी ठरते. ‘सैरंध्री’ (१९२०), कृत्रिम प्रकाशाचा वापर झालेला ‘सिंहगड’ (१९२३), आणि कर्जबाजारी शेतकऱ्याची कथा सांगणारा ‘सावकारी पाश’ (१९२५) या टप्प्यांत पुराणकथेची जागा क्रमाने माणसाच्या राहत्या जागेने घेतली. राहती जागा दाखवायची तर भिंतीला जाडी हवी, दाराला उंबरठा हवा आणि उंबरठ्यापलीकडे काहीतरी असल्याचा विश्वास हवा.

बाबूरावांच्या हाताखाली घडलेल्या विष्णुपंत दामले आणि साहेबमामा फत्तेलाल यांनी व्ही. शांताराम, केशवराव धायबर आणि सीताराम कुलकर्णी यांच्यासह १९२९ मध्ये कोल्हापुरात प्रभात फिल्म कंपनी स्थापन केली. १९३३ मध्ये ती पुण्यात आली. ‘संत तुकाराम’ (१९३६) हा दामले-फत्तेलाल यांनी दिग्दर्शित केलेला चित्रपट १९३७ च्या व्हेनिस महोत्सवात गौरवला गेला. त्याची चर्चा बहुधा भक्तिरसाच्या आणि विष्णुपंत पागनीसांच्या अभिनयाच्या अंगाने होते. नेपथ्याच्या अंगाने पाहिल्यास त्यात दोन प्रकारच्या जागा एकत्र नांदतात. एक तुकाराम-जिजाईंच्या संसाराची, भांड्याकुंड्यांची व हाताळलेल्या वस्तूंची जागा. दुसरी चमत्काराची, जिची परिणती अखेरीस गरुडाकृती विमानातून होणाऱ्या वैकुंठगमनात होते. अखेरचा चमत्कार प्रेक्षक स्वीकारतो, कारण त्याआधी दीड-दोन तास तो एका विश्वसनीय घरात वावरलेला असतो. अद्भुताला आधार लागतो तो वास्तवाच्या चोख मापाचा, हा प्रभातचा धडा आहे.

‘कुंकू’ (१९३७) मध्ये हाच विचार वस्तूंपर्यंत पोहोचतो. वृद्ध वराशी लग्न लावून दिलेल्या नीरेची घुसमट घड्याळ आणि आरसा या घरगुती वस्तूंमधून दिसते. ‘शेजारी’ (१९४१) मधील धरणफुटीचा शेवट उभारताना स्थापत्य, प्रतिकृती आणि कॅमेरा यांचे एकत्रित नियोजन करावे लागले. चित्रकार, सुतार, साचेकार, रंगारी आणि छायाचित्रकार हे एका आवारात, एका वेतनपटावर काम करीत असल्यामुळे हे शक्य झाले. प्रभातमध्ये आजच्या अर्थाने अभ्यासक्रम नव्हता. कारखाना हीच शाळा होती.

या परंपरेची मर्यादाही तेथेच आहे. कारखान्यातले ज्ञान हातातून हातात गेले, कागदावर फारसे आले नाही. प्रभात बंद पडल्यावर १९६० मध्ये त्याच आवारात फिल्म इन्स्टिट्यूट सुरू झाली आणि आज तेथे कलादिग्दर्शन व प्रॉडक्शन डिझाइनचा स्वतंत्र पदव्युत्तर अभ्यासक्रम आहे. वास्तू टिकली, परंतु जुना सेट कसा उभा केला, किती मापाचा होता, कोणत्या भिंती काढता येत होत्या, याचा सलग तपशील टिकला नाही.

भिंतीकडून पुन्हा पडद्याकडे

सपाट पडद्यावर दाखवल्या जाणाऱ्या चित्रपटाचे नेपथ्य भिंगाच्या मापाने ठरते. ३५ मिलिमीटर फिल्मच्या जुन्या चौकटीची रुंदी सुमारे २२ मिलिमीटर असते. ५० मिलिमीटरचे भिंग लावल्यास बारा फुटांवरील भिंतीचा सुमारे सव्वापाच फुटांचा भाग दिसतो; २५ मिलिमीटरचे लावल्यास सुमारे साडेदहा फुटांचा. कलादिग्दर्शक हे गणित मांडून तेवढीच भिंत उभारतो, चौथी भिंत कॅमेऱ्यासाठी काढून ठेवतो आणि चौकटीबाहेर बांबू व खिळे तसेच राहू देतो. ‘न दिसणारे न बांधणे’ हा त्याच्या अर्थशास्त्राचा पहिला नियम होय.

इमर्सिव्ह तंत्रज्ञान हा नियम मोडते. आभासी वास्तवाचे साधन डोळ्यांवर चढवलेला प्रेक्षक मान वळवू शकतो. त्यामुळे मागची बाजू उरत नाही. दिग्दर्शकाच्या हातून चौकट सुटते आणि प्रेक्षकाचे लक्ष कोठे न्यावे हे काम प्रकाश, ध्वनी, वाटेची रचना आणि वस्तूंची मांडणी यांवर, म्हणजेच बहुतांशी प्रॉडक्शन डिझाइनवर येऊन पडते. शिवाय माणसाच्या दोन डोळ्यांत सहा-साडेसहा सेंटिमीटरचे अंतर असल्याने हाताच्या टप्प्यातील वस्तूचा सपाटपणा लगेच उघडा पडतो. संगणकीय भिंतीवर केवळ छायाचित्र डकवून दाखवलेली भेग दहा मीटरवरून चालते, अर्ध्या मीटरवरून चालत नाही. बाबूरावांना कॅमेऱ्याने जे शिकवले, तेच नव्या निर्मात्याला प्रेक्षकाची मान शिकवते.

एलईडी भिंतीच्या चित्रीकरणात तर इतिहास उलट दिशेने फिरल्यासारखा वाटतो. ‘द मँडलोरियन’ (२०१९) या मालिकेसाठी सुमारे २० फूट उंचीची, २७० अंशांत वळणारी भिंत ७५ फूट व्यासाच्या जागेभोवती उभारण्यात आली. हा वस्तुतः पडदाच होय. फरक इतकाच की, कॅमेरा कोठे आहे हे या पडद्याला कळते. कॅमेऱ्याच्या प्रत्येक हालचालीनुसार त्यावरील यथादर्शन त्याच क्षणी बदलते. बाबूरावांनी पडदा ज्या दोषासाठी टाकून दिला, तो दोष संगणकाने दूर केला. तथापि तो एका दृष्टिबिंदूपुरताच दूर होतो. त्याच चित्राकडे दुसरा कॅमेरा कडेने पाहू लागला की यथादर्शन पुन्हा मोडते. म्हणूनच या पद्धतीतही पात्रांच्या पायाखालची वाळू, खडक, दार, बाक हे घन स्वरूपात बांधले जातात आणि घन वस्तू व भिंतीवरील चित्र यांचा सांधा लपवणे हे कलाविभागाचे नाजूक काम ठरते.

हा सांधाही नवा नाही. रॉबर्ट बार्कर याने १७८७ मध्ये वर्तुळाकार चित्रदर्शनाचे एकस्व घेतले. पुढे अशा दालनांत रंगवलेल्या क्षितिजाच्या अलीकडे खरी माती, कुंपणे आणि गाड्या मांडण्याची रीत पडली. पुण्याच्या गणेशोत्सवातील देखावे उभारणारा कारागीरही जवळची पायरी घन करतो आणि दूरचा डोंगर रंगवतो. आलेहांद्रो इन्यारितू यांची ‘कार्ने य अरेना’ ही आभासी वास्तवातील कृती २०१७ मध्ये कान महोत्सवात सादर झाली, तेव्हा प्रेक्षकाला अनवाणी पायांनी खऱ्या वाळूवर चालावे लागत होते. स्थलांतरितांच्या वाळवंटी प्रवासाचा अनुभव तळपायांतून सुरू होत होता. ‘माय डिअर कुट्टिचात्तन’ (१९८४) या भारतातील पहिल्या त्रिमितीपटात मुले भिंतीवरून व छतावरून चालताना दिसतात. त्यासाठी कलादिग्दर्शक के. शेखर यांनी सबंध खोलीच फिरती केली होती. जवळचे घन, दूरचे चित्ररूप आणि दोहोंमधील सांधा अदृश्य, हे सूत्र या सर्वांमधून समान धावते.

यावरून एक अनुमान निघते. तंत्रज्ञान बदलले तरी प्रॉडक्शन डिझाइनचे मूळ प्रश्न बदलत नाहीत : पाहणारा कोठे उभा आहे, तो किती जवळ येऊ शकतो, त्याला कशाला स्पर्श करता येतो आणि ही जागा कोणाची आहे. जो अभ्यासक्रम हे चार प्रश्न शिकवतो तो नव्या साधनालाही पुरा पडतो.

अध्यापनाचा क्रम

उलट, जो अभ्यासक्रम साधनच शिकवतो त्याचे आयुष्य साधनाएवढेच असते. गूगलचे पुठ्ठ्याचे ‘कार्डबोर्ड’ २०१४ मध्ये आले. २०२१ मध्ये कंपनीने त्याची विक्री थांबवली. त्याच कंपनीचे ‘डेड्रीम’ २०१६ मध्ये आले आणि २०१९ मध्ये आवरते घेतले गेले. मायक्रोसॉफ्टच्या ‘होलोलेन्स’ची पहिली आवृत्ती २०१६ ची, दुसऱ्या आवृत्तीचे उत्पादन २०२४ मध्ये थांबले. महाविद्यालयातील खरेदीची प्रक्रिया, अभ्यासमंडळाची मान्यता आणि तीन-चार वर्षांचा पदवीक्रम यांचा कालावधी लक्षात घेता, पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यासाठी घेतलेले यंत्र त्याच्या पदवीदानापूर्वीच बाजारातून गेलेले असणे सहज शक्य आहे. प्रयोगशाळेला यंत्र हवेच; पण यंत्राच्या नावाने अभ्यासपत्रिका आखणे आत्मघातकी ठरते.

या प्रश्नाला पुण्यात एक भौगोलिक बाजूही आहे. लॉ कॉलेज रस्त्यावरील प्रभातच्या आवारात भिंत बांधण्याची परंपरा आहे. शहराच्या दक्षिणेस बिबवेवाडीत, अप्पर इंदिरानगरात, १९८३ मध्ये स्थापन झालेल्या विश्वकर्मा इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीसारखे अभियांत्रिकी शिक्षणाचे आवार आहे. संवेदक, संगणकीय आलेखन आणि प्रतिमाप्रक्रिया हे विषय अशा आवारांत घरचे असतात. अंतर काही किलोमीटरांचे आहे, परंतु दोन्ही शिक्षणपरंपरांची परिभाषा भिन्न आहे. एकीकडे ‘फ्लॅट’, ‘मोल्डिंग’, ‘एजिंग’ हे शब्द. दुसरीकडे ‘मेश’, ‘टेक्श्चर’, ‘रेंडर’. प्लायवूडची भिंत जुनी दिसावी म्हणून रंगारी तिच्यावर ओलीचे डाग चढवतो आणि संगणकावरील संकल्पक पृष्ठभागाला खडबडीतपणा देतो, तेव्हा दोघेही एकच प्रश्न सोडवत असतात : या भिंतीवर काळाने कोणत्या बाजूने काम केले? कला आणि अभियांत्रिकी यांचे विद्यार्थी एका वर्गात बसवल्याने बहुविद्याशाखीयता सिद्ध होत नाही. दोघांपुढे एकच प्रश्न ठेवल्याने ती सिद्ध होते.

असा प्रश्न ठेवण्यासाठी बिबवेवाडीचा परिसरच उत्तम पाठ्यपुस्तक ठरू शकतो. उत्तरेकडे मार्केट यार्डाची मालवाहतूक, पश्चिमेकडे सातारा रस्त्याची वर्दळ, मध्ये गृहसंस्थांच्या इमारती आणि दक्षिणेकडे टेकडीच्या उतारावर चढत गेलेल्या दाट वस्त्या : एका गावठाणाचे महानगरी उपनगर होण्याची प्रक्रिया येथे थरांनी वाचता येते. पहिल्या सत्रात विद्यार्थ्यांनी, रहिवाशांच्या संमतीने, चढावरील एखादी गल्ली फीतपट्टीने मोजावी : रुंदी, पायऱ्यांची उंची, ओट्याची खोली, दारासमोर ठेवलेल्या पाण्याच्या पिंपाची जागा, दिवसाच्या तीन प्रहरांतील सावली. दुसऱ्या सत्रात त्याच मापांवरून पुठ्ठ्याची प्रतिकृती करावी आणि ठरावीक भिंगातून तिचे किती दिसते याचे गणित मांडावे. तिसऱ्या सत्रात तिच्या एका कोपऱ्याचा पूर्ण आकाराचा सेट उभारावा. ही तीन सत्रे झाल्यावरच ती गल्ली संगणकीय अवकाशात न्यावी आणि साधन चढवून तीत फिरून पाहावे. जेथे पाऊल अडखळते, जेथे उंबरठा उंच वाटतो, तेथे पुन्हा फीतपट्टीकडे यावे.

या क्रमावर दोन आक्षेप संभवतात. पहिला असा की, उद्योगाला सॉफ्टवेअर येणारे उमेदवार हवे असतात. तो खरा आहे, आणि म्हणूनच सॉफ्टवेअर चौथ्या सत्रात टाळलेले नाही. परंतु तयार वस्तूंच्या संगणकीय भांडारातून खुर्ची उचलणाऱ्याला आणि ती खुर्ची त्या घरात का शोभत नाही हे सांगू शकणाऱ्याला उद्योग फार काळ एका पंक्तीला बसवत नाही. अशा भांडारांतील ‘भारतीय घर’ हे बहुधा कोठलेच घर नसते. तेथे मराठी स्वयंपाकघरातील मांडणी मिळेलच असे नाही. निरीक्षण न शिकवल्यास आपल्याच जागा परक्या साच्यांत ओतल्या जातील. दुसरा आक्षेप खर्चाचा आहे. वस्तुतः फीतपट्टी, पुठ्ठा आणि प्लायवूड यांचा खर्च एका मध्यम यंत्रसंचापेक्षा कमी असतो. खर्च होतो तो शिक्षकाच्या वेळाचा. वर्षभर चालणाऱ्या अशा प्रात्यक्षिकाचा अध्यापनभार कसा मोजावा आणि सुतार किंवा साचेकाराला मानधनावर अध्यापक म्हणून कसे बोलवावे, हे प्रशासकीय प्रश्न सोडवल्याखेरीज उत्तम अभ्यासक्रमही कागदावरच राहील.

संशोधनाचे प्रश्न

सेट ही मुळातच तात्पुरती वास्तू होय. चित्रीकरण संपले की ती मोडली जाते. मागे उरतो तो चित्रपट. आणि तोही नेहमी उरत नाही. महाराष्ट्र फिल्म कंपनीचे बहुतांश मूकपट आज उपलब्ध नाहीत. जानेवारी २००३ मध्ये पुण्यात फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारातील भांडाराला लागलेल्या आगीत नायट्रेट फिल्मवरील जुन्या चित्रपटांचा मोठा साठा नष्ट झाला. अलीकडच्या काळाची स्थितीही निर्धास्त करणारी नाही. ‘लगान’ आणि ‘देवदास’ यांचे कलादिग्दर्शक नितीन चंद्रकांत देसाई यांनी २००५ मध्ये कर्जत येथे स्वतःचा स्टुडिओ उभारला. ऑगस्ट २०२३ मध्ये त्यांचे निधन झाले. अशा कलावंताची रेखाटने, मापे, नमुने आणि सहकाऱ्यांच्या आठवणी कोणत्या संस्थेने व कोणत्या पद्धतीने जतन कराव्यात, याची शैक्षणिक रीत आपल्याकडे रुजलेली नाही.

येथे इमर्सिव्ह तंत्रज्ञान संशोधनाचे साधन होऊ शकते. चित्रपटातील चौकटींवरून आणि भिंगाच्या अनुमानावरून सेटची मापे उलट काढता येतात. ‘कुंकू’मधील घर किंवा ‘संत तुकाराम’मधील अंगण संगणकीय अवकाशात पुन्हा उभे करता येईल. मात्र हे काम जितके आकर्षक तितकेच धोक्याचे. कॅमेऱ्याने ज्या तीन भिंती दाखवल्या त्यांना पुरावा आहे. चौथी भिंत कदाचित बांधलीच नव्हती. आभासी वास्तवात ती रिकामी ठेवता येत नाही, म्हणून ती कल्पनेने भरली जाते, आणि प्रेक्षक चारही भिंती सारख्याच विश्वासाने पाहतो. सांस्कृतिक वारशाच्या संगणकीय दृश्यीकरणासाठी तयार झालेल्या ‘लंडन चार्टर’ने (२००६, सुधारित आवृत्ती २००९) नेमका हाच मुद्दा मांडला आहे : पुराव्याने सिद्ध झालेले काय आणि तर्काने भरलेले काय, हे पाहणाऱ्याला कळले पाहिजे. आपल्या विद्यापीठीय प्रकल्पांनी किमान एवढा दंडक पाळावा. पुराव्याची भिंत आणि अनुमानाची भिंत वेगळ्या छटेत दाखवणे तांत्रिकदृष्ट्या सोपे आहे. अवघड आहे ती देखणेपणाचा मोह आवरण्याची शिस्त.

बिबवेवाडीपासून जवळच, कात्रज परिसरातील आंबेगाव बुद्रुक येथे बाबासाहेब पुरंदरे यांच्या संकल्पनेतील शिवसृष्टीचा पहिला टप्पा फेब्रुवारी २०२३ मध्ये खुला झाला. तेथे सरकारवाड्याची घन वास्तू आणि आधुनिक दृक्‌श्राव्य तंत्र एकत्र आले आहे. अशा स्थळांचा अभ्यास केवळ गौरवाच्या किंवा केवळ वादाच्या भूमिकेतून होऊ नये. प्रेक्षक कोठे थांबतो, कोणत्या वस्तूला खरी मानतो, इतिहासाचा पुरावा आणि नाट्यमय मांडणी यांच्यातील सांधा त्याला जाणवतो का, हे निरीक्षणाने तपासण्याजोगे प्रश्न आहेत. इतिहास, मानसशास्त्र, स्थापत्य आणि संगणकशास्त्र यांना एकत्र येण्यासाठी याहून नैसर्गिक क्षेत्र मिळणे कठीण.

संशोधनाच्या मूल्यमापनाचाही पुनर्विचार हवा. मोजणीपत्रके, प्रतिकृती, कारागिराची सविस्तर मुलाखत आणि निर्णयांची कारणे नोंदवणारी प्रक्रियावही यांना प्रबंधाच्या जोडीने संशोधनसामग्री म्हणून मान्यता मिळाल्याखेरीज या विषयात टिकाऊ काम होणार नाही. अन्यथा शोधनिबंध लिहिले जातील ते परकीय यंत्रांच्या वैशिष्ट्यांवर. आणि कोल्हापूर-पुण्याच्या कारागिरांचे ज्ञान शेवटच्या पिढीबरोबर निघून जाईल.

समारोप

महाराष्ट्राच्या चित्रपटीय नेपथ्याने शंभर वर्षांत रंगवलेल्या पडद्याकडून घन भिंतीकडे आणि घन भिंतीकडून प्रकाशमान पडद्याकडे असा प्रवास केला. या प्रवासात पडद्याचा अथवा भिंतीचा अंतिम विजय झाला नाही. दोहोंमधील सांधा जाणणारा कलावंत मात्र प्रत्येक टप्प्यावर आवश्यक ठरला. तो यंत्राच्या माहितीपुस्तिकेतून घडत नाही. मोजलेल्या जागेतून, बांधून चुकलेल्या भिंतीतून आणि पाहणाऱ्याच्या स्थानाचा विचार करण्याच्या सवयीतून तो घडतो. कोट्यवधींची यंत्रसामग्री मागवण्यापूर्वी महाविद्यालयाने आपल्या प्रवेशद्वाराबाहेरील एक गल्ली विद्यार्थ्यांकडून नीट मोजून घ्यावी; पुढे कोणते यंत्र घ्यावे याचे उत्तर त्या मापांतून अधिक स्पष्टपणे मिळेल.